ऑक्टोबर, एप्रिल की पुढचा ऑक्टोबर? जर्मनीला नेमकं कधी निघावं?

कुळागरातली (सत्तरी)
२४ जून २०२५

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहायला बसले. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा नुकतीच संपली. आठव्या सेमिस्टरचा निकाल यायचा आहे. जर्मनीत मास्टर्स करायचं दोन वर्षांपासून मनात आहे. घरी बाबांचं कुळागर आहे, सुपारी, मिरी आणि थोडी केळी. आई अंगणवाडीत आहे. आमच्या घरातून शिकायला गोव्याबाहेर जाणारी मी पहिलीच, म्हणून विचारायला जवळचं असं कुणी नाही.

एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र मे महिन्यात आलं. हिवाळी सेमिस्टर, म्हणजे १ ऑक्टोबरपासून. अट एकच, नोंदणीच्या वेळी पदवी पूर्ण झाल्याचा कागद दाखवायचा. दुसऱ्या एका विद्यापीठात जवळजवळ तोच अभ्यासक्रम उन्हाळी सेमिस्टरलाही, म्हणजे एप्रिलमध्येही, सुरू करता येतो. त्याचा अर्ज १५ जानेवारीपर्यंत भरायचा. एपीएसचे (जर्मनीला जाण्याआधी आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र) १८,००० रुपये भरून सातव्या सेमिस्टरपर्यंतची गुणपत्रकं मे महिन्यात पाठवली आहेत, प्रमाणपत्र हातात यायचं आहे. आयईएलटीएस फेब्रुवारीत दिली, ७ बँड आले.

पैशाचं असं आहे. ब्लॉक्ड अकाउंटला (वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून महिन्याला ठरावीकच काढता येतात) ११,९०४ युरो लागतात, म्हणजे आजच्या दराने बारा लाख. तेवढे आमच्याकडे नाहीत. बाबा घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत. घर अजून आजोबांच्याच नावावर आहे, ते जाऊन अकरा वर्षं झाली.

आणि याच आठवड्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यातून नोकरीचं पत्र आलं. देखभाल विभाग, महिना २२,००० रुपये, १ ऑगस्टला रुजू व्हायचं.

घरी प्रत्येकाचं मत वेगळं. आई म्हणते, कधीही जा, पण चवथ (गणेश चतुर्थी) करून जा. मामा म्हणतो, एक वर्ष फुकट घालवलंस तर गॅप पडेल, व्हिसावाले तेच विचारतील, मिळालंय ते सोडू नकोस. बाबा काहीच बोलत नाहीत आणि मला त्यांचंच गप्प बसणं जड जातं. आजी ८४ वर्षांची आहे. ती रोज संध्याकाळी दिवा लावताना विचारते, परत कधी येशील? मी अजून गेलेलीच नाही.

मला खरंच कळत नाही की धावपळ करून याच ऑक्टोबरला जावं, एप्रिलला जावं, की एक वर्ष वेर्ण्यात काम करून पुढच्या ऑक्टोबरला. कुणी यातून गेलं असेल तर कृपा करून सांगा.


तळ्याकाठची (मूळ मये, सध्या जर्मनी)
२४ जून २०२५

तुझं वाचताना दोन वर्षांपूर्वीची मीच समोर बसल्यासारखं वाटलं. मीसुद्धा जूनमध्येच अशी बसले होते. तेव्हा मला कुणी जे सांगितलं नाही ते तुला सांगते.

प्रवेशपत्र आलं की आपल्याला वाटतं तारीख ठरली. ती तशी ठरत नाही. ती ठरते तुझे कागद कोणत्या दिवशी हातात पडतात त्यावरून. चार गोष्टी लागतात: निकाल आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये खरोखर पोचलेले पैसे, आणि व्हिसा. पहिल्या तीन पूर्ण झाल्या की मगच चौथीचं घड्याळ सुरू होतं.

माझं काय झालं ते ऐक. मी २०२३ च्या हिवाळी सेमिस्टरला निघाले. एपीएसचे कागद मीच उशिरा पाठवले, जून उजाडला होता. प्रमाणपत्र ऑगस्टच्या शेवटी आलं. व्हिसाची फाईल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला दिली. पासपोर्ट परत आला ऑक्टोबरच्या अखेरीस. मोपाहून मुंबई आणि मुंबईहून फ्रँकफर्ट करत मी ९ नोव्हेंबरला पोचले. विद्यापीठाने उशिरा नोंदणी करू दिली, म्हणून मी देवाचे आभार मानले आणि वाटलं, सुटले.

सुटले नव्हते. तिथली व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्यात सुरू होतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला संपतात. मी आले तेव्हा जवळजवळ चार आठवडे उलटून गेले होते. प्रयोगशाळेचे गट आधीच ठरले होते, मला ज्या गटात ढकललं ते तिघं आपापसात जर्मन बोलायचे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना सगळं फिरवून दाखवतात. परीक्षेची नोंदणी कुठल्या पोर्टलवर करायची, कधीपर्यंत करायची, हे तिथेच कळतं. मला ते डिसेंबरमध्ये वर्गातल्या एका व्हिएतनामी मुलीने सांगितलं, तोवर एका विषयाची मुदत गेली होती.

राहण्याचं त्याहून वाईट. वसतिगृहाच्या खोल्या ऑक्टोबरलाच भरलेल्या. पहिले सात आठवडे मी तीन ठिकाणी राहिले, त्यातलं एक नुसतं गादी टाकण्यापुरतं. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तात्पुरत्या जागेचा मालक तो कागद देत नव्हता. पत्ता नाही, तर पुढची कामं अडतात. दिवस चार-साडेचारला मावळायचा. मी रोज अंधारात वर्गातून निघून अंधारातच घर शोधत फिरायचे. त्या दिवसांत मी आईला फोनवर सगळं छान आहे असं सांगायचे. ते मला अजून बोचतं.

पहिल्या सेमिस्टरला पाच विषय घेतले होते, दोनच सुटले. राहिलेल्यांतला एक पायाभूत होता आणि तो वर्षातून एकदाच, हिवाळ्यातच शिकवतात. त्याच्याशिवाय प्रकल्प घेता येत नव्हता. म्हणून चार सेमिस्टरचं मास्टर्स माझं पाच सेमिस्टरचं झालं. सहा महिने जास्त, महिना ९९२ युरो धर (ब्लॉक्ड अकाउंटचा हिशेब त्याच आकड्यावर चालतो), तर ५,९५२ युरो होतात. जवळजवळ सहा लाख रुपये. वर्षभर थांबले असते तर हे सहा लाख गेले नसते, उलट मी थोडे कमावले असते.

तुझ्या तारखा मांडून बघ. समज, एपीएस जुलैअखेर आलं आणि निकालही तेव्हाच. कर्ज मंजूर होऊन पैसे खात्यात पोचायला ऑगस्टचा मध्य. जानेवारीपासून व्हिसाचा अर्ज आधी ऑनलाईन पोर्टलवर भरायचा, तिथे कागद तपासून झाले की मग प्रत्यक्ष भेटीची तारीख. फाईल दिल्यावर काहींचा व्हिसा चार आठवड्यांत येतो, काहींचा बारा आठवड्यांत. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही. त्यातली पहिली तारीख धरून बेत आखायचा आणि दुसरी तारीख वाट्याला येते, हे मी स्वतः भोगलंय.

आणखी एक. व्हिसा नाकारला तर पूर्वी दूतावासाकडेच फेरविचाराची विनंती करता यायची, फुकट. ती सोय येत्या १ जुलैपासून बंद होते आहे. आता नकार आला तर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. त्यामुळे अर्धवट फाईल देऊन बघू या, हे यंदापासून परवडणारं नाही.

एप्रिलबद्दल. लोक एप्रिल म्हणजे सहा महिन्यांनी तेच, असं समजतात. तसं नसतं. बहुतेक मास्टर्स ऑक्टोबर धरूनच आखलेले असतात, आधी हिवाळ्यात पाया आणि मग उन्हाळ्यात त्यावरचे विषय. एप्रिलला आलेली मुलं दुसऱ्या सेमिस्टरपासून सुरुवात करतात. आमच्याकडे एक मुलगा असा आला होता. खोली त्याला पहिल्या आठवड्यात मिळाली, ऊन होतं, तो माझ्यापेक्षा खूप आनंदात रुळला. पण नियंत्रण प्रणालीच्या वर्गात त्याला पहिले दोन महिने काहीच कळत नव्हतं, कारण त्याच्या आधीचा भाग हिवाळ्यात झालेला. तू त्या विद्यापीठाचं मॉड्युलहँडबुख, म्हणजे विषयांची माहितीपुस्तिका, उतरवून घे. प्रत्येक विषयापुढे लिहिलेलं असतं, हिवाळी की उन्हाळी, आणि आधी काय शिकलेलं असावं. पायाभूत विषय दोन्ही सेमिस्टरला असतील तर एप्रिल चांगला. फक्त हिवाळ्यात असतील तर एप्रिल सोड.

आता गॅप. मामांना सांग, तू घरी बसणार नाहीस. इलेक्ट्रिकल शिकून इलेक्ट्रिकलच्या कामाला एक वर्ष, त्याचं अनुभवपत्र, जोडीला जर्मन भाषेची ए२ किंवा बी१ पातळी. याला इथे कुणी गॅप म्हणत नाही. अर्धवेळ नोकरी शोधताना ते वर्ष उलट कामाला येतं, इथल्या विद्यार्थी-नोकऱ्यांत यंत्रावर हात बसलेला माणूस लवकर घेतात. आयईएलटीएस दोन वर्षं चालते, म्हणजे तुझी २०२७ च्या फेब्रुवारीपर्यंत आहे. एपीएस एकदा मिळालं की पुन्हा काढावं लागत नाही. हरवेल ते एकच, हे प्रवेशपत्र. जर्मनीत बहुधा प्रवेश पुढे ढकलून देत नाहीत, पुन्हा अर्ज करावा लागतो. पण एकदा मिळाला त्याच गुणांवर परत मिळण्याची शक्यता चांगली असते, आणि आठव्या सेमिस्टरचे गुण बरे आले तर जास्तच.

माझं म्हणणं, एक तारीख आजच भिंतीवर लिही: १५ ऑगस्ट. त्या दिवशी निकाल, एपीएस आणि पैसे तिन्ही हातात असतील तर डोळे मिटून ऑक्टोबरला ये. तिन्हीतलं एक जरी नसेल तर त्याच दिवशी हा विषय बंद करून वेर्ण्याला जा. सप्टेंबरभर आशेवर लोंबकळू नकोस. तो सप्टेंबर मी काढलाय.


एक पालक (शिरोडा)
२५ जून २०२५

बाय, तुझ्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो. घर आजोबांच्या नावावर आहे आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली. बाकी सगळ्याच्या आधी तिकडे बघ.

माझा मुलगा गेल्या वर्षी गेला, आणि आमची तारीख ना विद्यापीठाने ठरवली ना व्हिसाने. ती ठरवली घराच्या कागदांनी. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. आम्ही म्हटलं, घर आहे की. बँकेच्या वकिलाने एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा बघितला, त्यावर माझ्या वडिलांचं नाव. त्याने पहिला प्रश्न विचारला, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची रीतसर नोंद-वाटणी, झाली आहे का?

झाली नव्हती. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. माणूस गेला की घर सगळ्या वारसांचं सामाईक होतं, मुलींचाही वाटा त्यात असतोच, आणि लग्न झालेल्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचाही हक्क लागतो. आम्ही चार भावंडं. म्हणजे चार सह्या नव्हेत, आठ. एक बहीण बेळगावला, एक भाऊ मस्कतला. कुणाचा विरोध नव्हता, सगळ्यांचा पोरावर जीव आहे. तरी मुखत्यारपत्र करून घेणं, ते तिकडच्या वकिलातीतून साक्षांकित होऊन येणं, नोटरीकडे वारसांचा दस्त होणं, यात पाच महिने गेले. त्यात भांडण असतं आणि न्यायालयात इन्व्हेंटरी चालवावी लागली असती तर वर्षं गेली असती.

तुझे बाबा गप्प आहेत असं लिहिलंस. मला वाटतं, त्यांना हे ठाऊक असावं. भावंडांकडे सही मागायला जाणं बापाला सोपं नसतं, मग ती कितीही प्रेमाची असोत. मीसुद्धा दोन महिने कुणाला बोललो नव्हतो. तू स्वतः त्यांच्याजवळ बस आणि विचार, कुणाकुणाच्या सह्या लागतील? नावं कागदावर लिहा. त्या यादीतून तुला ऑक्टोबर जमेल की नाही ते अर्ध्या तासात कळेल.

दुसरं, पर्वरीला जाऊन ये. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना परदेशी शिक्षणालाही आहे. उच्च शिक्षण संचालनालयाची मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे, ती मास्टर्ससाठी परदेशी जाणाऱ्यांनाही लागू होते. दोन्हीकडे रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला मागतात, ते मामलेदार कार्यालयातून आताच काढून ठेव. या योजनांचं वेळापत्रक तुझ्या १ ऑक्टोबरशी जुळेलच असं नाही. वर्षभर थांबलीस तर मात्र दोन्हीकडे नीट, वेळेत अर्ज करता येईल. बिनव्याजी पैसा आणि बँकेच्या व्याजाचा पैसा यांत कुळागरवाल्याला किती फरक पडतो, हे तुझ्या बाबांना मी सांगायला नको. एका सुपारीच्या हंगामात कोळेरोग पडला की हप्ता कुठून भरायचा?

गावडा, कुणबी, वेळीप समाजातली कुणी मुलं हे वाचत असतील तर केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती बघा. देशभरात वर्षाला २० जागा, पण आपल्याकडून अर्जच फार कमी जातात.

आणखी एक बारीक गोष्ट. कर्ज मंजूर झाल्याचं पत्र आणि ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पोचलेले युरो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बँकेच्या शाखेला ब्लॉक्ड अकाउंट हा प्रकारच नवा होता, परदेशी पैसे पाठवण्याचं काम दुसऱ्या शाखेतून व्हायचं. तीन आठवडे त्यातच गेले. आधीच विचारून ठेव. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशावर या एप्रिलपासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापून घेते तो कर) कापत नाहीत, तेवढा एक दिलासा.


म्हापशेकार
२५ जून २०२५

जर्मनीचं मला काही माहीत नाही, वर दोघांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मी अमेरिकेत जानेवारीत सुरू करून पस्तावलो, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी चार ओळी.

तिथे ऑगस्टमध्ये सुरू होणारं फॉल मुख्य, जानेवारीचं स्प्रिंग दुय्यम. माझा ऑगस्टचा व्हिसा जमला नाही, प्रवेश जानेवारीवर नेला आणि वाटलं, चार महिन्यांचाच प्रश्न आहे. फरक पडला उन्हाळ्यात. विद्यार्थी व्हिसावर कंपनीत इंटर्नशिप करायची तर सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी) लागते, आणि ती साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे दोन सेमिस्टर, झाल्यावरच मिळते. ऑगस्टला आलेल्यांची मे महिन्यात दोन सेमिस्टर होतात आणि ती उन्हाळ्याला कंपनीत जातात. माझं मे महिन्यात एकच झालेलं. मी तो उन्हाळा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावत काढला. ज्यांची इंटर्नशिप झाली त्यांतल्या बऱ्याच जणांना तिथेच नोकरी लागली. हे नियम कुठेही लपवलेले नव्हते, मी जायच्या आधी वाचले नव्हते एवढंच.

यंदा तर २७ मेपासून विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबलं होतं, गेल्या आठवड्यात परत सुरू झालंय. आमच्या शेजारची मुलगी ऑगस्टचं प्रवेशपत्र घेऊन बसली आहे. तिलाही मी हेच सांगितलं, जमलं नाही तर जानेवारी नको, पुढचा ऑगस्ट घे.

आणि गोव्यातला म्हणून एक विचारतो, कारण आमच्या घरात यावर दोन वर्षं गेली. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला, तेव्हा लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा आणि मग युरोपियन म्हणून जायचं, असं कुणी सुचवलंय का? माझा चुलतभाऊ त्यासाठी थांबला. नेदरलँड्सला जायचं असेल तर पैशाच्या दृष्टीने त्यात अर्थ आहे, तिथे युरोपियन विद्यार्थ्याला येत्या वर्षी २,६०१ युरो फी आणि बाहेरच्याला त्याच्या कितीतरी पट. पण जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाहीच. ब्लॉक्ड अकाउंट तेवढा वाचेल. त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडायचं आणि कधी येईल ते माहीत नसलेल्या कागदासाठी शिक्षण अडकवून ठेवायचं, हे मला पटत नाही.


कुळागरातली
२९ जून २०२५

तुम्ही तिघांनी इतकं मन लावून लिहिलंत, मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

शिरोड्याचे काका, तुमचं बरोबर निघालं. काल पाऊस जोरात होता, बाबा कुळागरात जाऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांच्याजवळ बसले. त्यांनी न विचारताच कपाटातून फाईल काढली. त्यांनी मे महिन्यातच तलाठ्याकडून उतारा आणून ठेवला होता! सह्या सात लागतील. आजी, बाबा-आई, काका-काकी, आत्या आणि तिचे यजमान. काका शेजारीच राहतात, ते लगेच हो म्हणाले. आत्या ठाण्याला असते. ती चवथीला दरवर्षी येते. बाबा म्हणाले, फोनवर मागायची गोष्ट नव्हे ही, ती आली की समोर बसून बोलतो. चवथ २७ ऑगस्टला आहे. म्हणजे ताईंची १५ ऑगस्ट आपोआपच चुकते.

पासपोर्टचं कुणी सुचवलं नव्हतं, आणि आता सुचवलं तरी माझं उत्तर ठरलंय.

ताई, मॉड्युलहँडबुख उतरवलं. एप्रिलवाल्या विद्यापीठाचे चार पायाभूत विषय आहेत, त्यांतले तीन फक्त हिवाळ्यात. एका विषयापुढे तर स्पष्ट लिहिलंय की तो झाल्याशिवाय प्रयोगशाळेचा विषय घेता येणार नाही. तरी एक विचारू का? मन अजून त्या प्रवेशपत्रावर आहे. आत्याला आत्ताच बोलावून घेतलं तर?


तळ्याकाठची
२९ जून २०२५

विचार ना, विचारायलाच तर हे आहे.

आत्याला जुलैत बोलावून घेतलंत, सही झाली असं धर. मग दस्त, मग बँकेचा वकील, मग मंजुरी, मग दुसऱ्या शाखेतून युरो. शिरोड्याच्या काकांच्या घरी हे सगळं किती दिवस चाललं ते त्यांनी लिहिलंय. यातली एकही गोष्ट तुझ्या धावण्याने लवकर होणार नाही. आणि बाबांना बहिणीशी जसं बोलायचं आहे तसं बोलू दे. घर तारण पडणार आहे, ते कर्ज तू फेडणार आहेस, पण शब्द त्यांचा जाणार आहे.

प्रवेशपत्र हातातून सुटतं तेव्हा दुखतं, ते मी नाकारत नाही. त्यांना साध्या शब्दांत मेल लिही: आर्थिक कागदपत्रं वेळेत होत नाहीत, पुढच्या हिवाळी सेमिस्टरला पुन्हा अर्ज करेन. कुणी अडवून धरत नाही. अर्ज पुन्हा कधी उघडतो ती तारीख त्यांच्या पानावरून आजच वहीत लिहून ठेव, काही विद्यापीठांत परदेशी मुलांसाठी मुदत नेहमीच्या १५ जुलैच्या बरीच आधी, मार्च-एप्रिललाच संपते. एकाच जागी नको, पाच-सहा ठिकाणी अर्ज कर. युनी-असिस्टमधून (अनेक विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० लागतात, तेवढे वेर्ण्याच्या पहिल्या दोन पगारांतून सहज निघतील.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र येईल त्याच दिवशी भर. त्याच दिवशी म्हणजे त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे.

आजीला सांग, अजून एक चवथ घरात आहे.


कुळागरातली
३१ ऑगस्ट २०२५

माहिती देऊन ठेवते, पुढे कुणाला उपयोग होईल.

निकाल जुलैत लागला, एपीएस ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आलं. विद्यापीठाला मेल केला, त्यांचं दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. कारखान्याने रुजू व्हायची तारीख एक महिना पुढे दिली, उद्या पहिला दिवस. वाळपईहून वेर्णा रोज जमणार नाही म्हणून मडगावला मैत्रिणीबरोबर खोली घेतली आहे.

चवथीला आत्या आली. गणपतीवरची माटोळी बांधून झाल्यावर बाबा तिच्याशी बोलले. मी स्वयंपाकघरात होते, काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण आत्याने येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, कागद कुठे आहेत ते आण. मुखत्यारपत्रही करून देते म्हणाली, म्हणजे पुन्हा पुन्हा यायला नको. पर्वरीला मी आणि बाबा जाऊन आलो, लागणाऱ्या दाखल्यांची यादी मिळाली.

आता एक नवा प्रश्न. जर्मनची ए२ परीक्षा पुण्याला मॅक्स म्युलर भवनात द्यायचा विचार आहे. मडगाव किंवा पणजीला संध्याकाळी सातनंतर शिकवणारं कुणी माहीत आहे का? पाळी सहाला सुटते. ऑनलाईन चालेल, पण समोर बसून शिकवणारं मिळालं तर बरं.